महांतप्पांची नात मॅम झाली

पालकांशी संवाद साधायचा असं दीपमालाबाईंच्या मनात येईपर्यंत लिंबोरीच्या अंगणवाडीचं गावाशी बरं चाललं होतं. बरं म्हणजे भांडणं व्हायची, पण ती एकमेकांना कळायची. एखाद्या पोराच्या अंगावर खरूज दिसली की मदतनीस लक्ष्मीबाई दारातूनच हाळी द्यायच्या, "ए बाई, तुझ्या पोराला खरूज आलीया, चार दिवस आणू नगंस!" पोराची आई चुलीपुढून उत्तर द्यायची, "तुमच्याच वाडीत लागली की!" निरोप पोचायचा, शेजारच्या तीन घरांनाही पोचायचा आणि खरूज चार दिवसांत बरी व्हायची.

दीपमालाबाईंना ही पद्धत पटत नसे. त्या एम.ए. होत्या, तेही मराठी घेऊन. अंगणवाडी सेविका होऊन अकरा वर्षं झाली तरी आपल्या तोंडून अशुद्ध शब्द निघू नये याला त्या फार जपत. खिचडीला त्या कधी खिचडी म्हणाल्या नाहीत, 'पूरक आहार' म्हणाल्या. पोरंही हुशार. अकरा वाजले की ताटल्या बडवत 'पुरकार, पुरकार' असा गजर करायची.

त्यातच तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय 'पालकांशी प्रभावी संवाद'. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की पालकांना वाईट गोष्ट थेट सांगायची नाही. आधी कौतुक करायचं, मग काळजीचं काय ते सौम्य शब्दांत सांगायचं आणि वर पुन्हा कौतुक ठेवायचं. चारचौघांत तर बोलायचंच नाही, एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही. आणि 'कुपोषित' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, त्यानं पालकांचा स्वाभिमान दुखावतो. दीपमालाबाईंनी हे सगळं दोन रंगांच्या पेनानं लिहून घेतलं.

त्यांना हे पटायला कारणही होतं. गेल्या वर्षी एका घरी त्या "तुमचं मूल कुपोषित आहे" असं बोलून गेल्या होत्या. त्या घरच्या बाईनं त्यांचा हात धरून त्यांना गोठ्यात नेलं, चार म्हशी दाखवल्या आणि "आता बोला" म्हणाली. माणूस चार म्हशींपुढं काय बोलणार? ते मूल महिनाभर अंगणवाडीत आलं नाही आणि दीपमालाबाई त्या घरावरून जाताना ऊन असो नसो, छत्री आडवी धरून जात.

तेव्हा त्यांनी ठरवलं, दर महिन्याला वजन झालं की प्रत्येक घरी एक 'संवाद-चिठ्ठी' पाठवायची. त्यांचे यजमान व्यंकटराव जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "लेखी देतेस ते उत्तम. बोललेलं माणूस फिरवतो, लिहिलेलं फिरवता येत नाही." व्यंकटरावांनी स्वतः आयुष्यात रजेच्या अर्जाखेरीज काही लेखी दिलेलं नव्हतं, पण सल्ला द्यायला अनुभव लागतोच असं कुठं आहे.

बावीस चिठ्ठ्या सरळ लिहून झाल्या. तेविसावी अडली. ती शिवांजलीची होती.

शिवांजली म्हणजे महांतप्पांची एकुलती एक नात, तीन वर्षांची. महांतप्पांचं पारासमोर किराणा-भुसाराचं दुकान. घर लिंगायताचं, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि वजनकाट्याबाबत कुणाचं ऐकून घ्यायचं नाही असा बाणा. अशा घरातली ही पोर तीन महिने सारखी उतरत होती. आता दहा किलो चारशे ग्रॅम भरली होती, उंचीच्या मानानं फार कमी. कार्यालयाच्या भाषेत वाळायला लागलेल्या मुलाला 'मॅम' म्हणतात आणि पार वाळलेल्याला 'सॅम'. कुठल्याशा इंग्रजी शब्दांची ती पहिली अक्षरं. शिवांजली मॅममध्ये आली होती. आणखी सहाशे-सातशे ग्रॅम उतरली की सॅम, आणि मग तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन आठवडे ठेवावं लागणार होतं. पोर दीपमालाबाईंच्या मांडीवर येऊन बसायची तेव्हा तिची हाडं टोचायची. त्यांना रात्रंदिवस तेच खुपत होतं.

त्यांनी वरच्या पर्यवेक्षिका मॅडमना फोन लावला. "मॅडम, मॅमला मराठीत काय लिहू?"

"मध्यम तीव्र कुपोषित."

"पण कुपोषित लिहायचं नाही ना?"

"अजिबात नाही. परिपत्रक आहे."

"मग काय लिहू?"

"मग मॅमच लिहा," मॅडम म्हणाल्या. त्यांना एवढ्या सोप्या गोष्टीसाठी फोन का येतात हेच कळत नव्हतं.

दीपमालाबाईंनी तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं : 'चि. शिवांजली ही अत्यंत गुणी बालिका आहे. ती सध्या मॅम श्रेणीत असून तिच्याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. तिचा आवाज मधुर आहे.' वर कौतुक, खाली कौतुक, मधे काळजी. आपली एम.ए.ची पदवी आज कारणी लागली असं त्यांना वाटलं, आणि त्या समाधानानं झोपल्या.

चिठ्ठी घरी सुनेच्या हाती पडायची ती दुकानात महांतप्पांच्या हाती पडली. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि मग पारावरच्या मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवली. मॅम म्हणजे काय हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. पलीकडच्या इंग्रजी शाळेतल्या बायांना पोरं मॅमच म्हणत. म्हणजे शिवांजलीची मॅमच्या श्रेणीत निवड झाली, शिवाय तिच्याकडे विशेष लक्ष दिलं जाणार. यात शंका घ्यायला कुणाला जागाच सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीच्या दारात महांतप्पा उभे. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूतीचे पट्टे, हातात शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. मागं पारावरची आठ माणसं.

"ताई," महांतप्पा म्हणाले, "आमच्या घरात कोण चौथीच्या म्होरं गेलं न्हाय. माझी थोरली भन माझ्यापरीस हुशार. पर तिला शाळंत घातलंच न्हाय वडलांनी. आन् तुमी माझ्या तीन वर्साच्या नातीला मॅम केलंत."

आणि दीपमालाबाईंना कळायच्या आत त्यांच्या खांद्यावर शाल पडली. आठ जणांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मीबाई खिचडीचा डाव हातात धरून मागून कुजबुजल्या, "ताई, सांगू का म्या? एका दमात सांगते."

"नको, मावशी!" दीपमालाबाईंचा जीव उडाला. चारचौघांत सांगायचं नाही हा पक्का नियम, आणि इथं तर दोन चौघं उभे होते. तरी त्यांनी प्रयत्न केला. "अप्पा, शिवांजली गुणी आहेच. पण मॅम म्हणजे जरा तिच्या आहाराकडं... म्हणजे आवाज तर तिचा फारच गोड आहे."

महांतप्पांनी पहिलं वाक्य ऐकलं, शेवटचं ऐकलं आणि डोळे पुसले. मधलं कुठं गेलं ते कुणालाच कळलं नाही. कौतुकात गुंडाळून दिलेली गोष्ट माणूस कौतुक खाऊन टाकून देतो, हे पुण्याच्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी बलभीम आला. बलभीम म्हणजे गावातला मोठा बागाईतदार, ग्रामपंचायतीचा सदस्य आणि रणधीरचा बाप. रणधीर हे अंगणवाडीतलं सगळ्यात भरलेलं पोर. वजन चौदा किलो, गाल असे, की लस द्यायला आलेल्या नर्सबाईही आधी गालच ओढायच्या. त्याच्या चिठ्ठीत दीपमालाबाईंनी आनंदानं लिहिलं होतं : 'रणधीर सर्वसाधारण श्रेणीत आहे.'

"ताई, आमचा रणधीर सर्वसाधारण?" बलभीमनं चिठ्ठी टेबलावर आपटली. "दुकानदाराची ती वाळकी काटकी मॅम, आन् माझा वाघ सर्वसाधारण?"

"अहो, सर्वसाधारण असणं सगळ्यात चांगलं!"

"आस्सं? मग त्यास्नी का न्हाय केलं सर्वसाधारण?"

 दीपमालाबाईंना उत्तर सुचत होतं, पण ते दुसऱ्याच्या लेकराचं होतं आणि एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही हा चौथा नियम होता.

"मॅमच्या वर काय असतंय?" बलभीमनं लक्ष्मीबाईंना विचारलं.

"सॅम," लक्ष्मीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मंग आमचा सॅम करा. काय लागंल ते सांगा."

"काय लागत न्हाय," लक्ष्मीबाईंना हसू आवरेना. "वजनावर असतंय समदं."

त्यांनी हे बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बलभीमच्या आईनं नातवाच्या कमरेचा चांदीचा करगोटा काढला, पायातले वाळे काढले, न्हावी बोलावून टक्कल केलं आणि सदऱ्याऐवजी नुसत्या लंगोटीवर त्याला काट्यावर आणून बसवला. काटा तेरा किलो आठशेवर थांबला. रणधीरला वारा लागून शिंका आल्या, पण श्रेणी काही बदलली नाही.

मग बलभीमनं रीतसर अर्ज केला : 'अंगणवाडीतील मॅम निवडीत पक्षपात झाल्याबाबत.' ग्रामपंचायतीनं तो वरच्या कार्यालयाला पाठवला. वरच्या कार्यालयात अर्जाचा अर्थ लावायची पद्धत नाही, तो पुढं पाठवायची आहे. आठ दिवसांत दीपमालाबाईंच्या हाती कागद आला : 'आपल्या केंद्रात मॅमची निवड कोणत्या निकषांवर केली, किती उमेदवार होते व लाभार्थ्याकडून काही स्वीकारले काय, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.' दीपमालाबाई ती शाल घेऊन तासभर बसून राहिल्या. अकरा वर्षांत त्यांच्यावर असा डाग आला नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं, 'निकष : वजन व उंची. उमेदवार : तेवीस. स्वीकारले : शाल एक, नारळ एक, पेढे चार.' व्यंकटराव म्हणाले, पेढे लिहायला नको होते. पण तेच म्हणाले होते ना, लेखी दे म्हणून!

हे सगळं एक वेळ परवडलं असतं. परवडत नव्हतं ते दुकानात चाललेलं. शिवांजली मॅम झाल्यापासून महांतप्पांनी गल्ल्याशेजारी तिची गादी घातली होती. येणारं गिऱ्हाईक "काय मॅम, बऱ्या हायसा न्हवं?" असं विचारायचं आणि आजोबा कौतुकानं बरणी उघडायचे. क्रीमची बिस्किटं, चहात बुडवलेला टोस्ट, गोळ्या, रंगीत पुड्यातलं कुरकुरीत. पूर्वीही तो लाड होताच, आता त्याला प्रतिष्ठा आली. अंगणवाडीत आल्यावर पोर खिचडीकडे पाहून मान फिरवायची. घरी भाकरीपुढं तेच. पोट गोडानं भरलेलं आणि अंगाला काही लागत नाही.

दीपमालाबाई दोनदा घरी जाऊन आल्या. दोन्ही वेळा महांतप्पांनी खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. दोन्ही वेळा दीपमालाबाईंनी कौतुकानं सुरुवात केली आणि कौतुकातच त्या अडकल्या. दाराआड सून शिवप्रिया, पोरीची आई, उभी असायची. ती नुसती दीपमालाबाईंकडे पाहायची. परत येताना त्या लक्ष्मीबाईंवर विनाकारण चिडत आणि मग स्वतःवर.

महिना भरला. वजनाचा दिवस आला आणि नेमक्या त्याच दिवशी पर्यवेक्षिका मॅडम, खुलाशाची खातरजमा करायला. गावात बातमी आधीच पोचली होती, की आज मोठ्या मॅडम येणार म्हणजे शिवांजलीला बढती मिळणार. बलभीम खात्री करायला आईला नि रणधीरला घेऊन आला होता. महांतप्पांनी हलगीवाला सांगून ठेवला होता आणि स्वतः पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसले होते.

शिवांजलीला काट्यावर बसवलं. नऊ किलो नऊशे.

मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, ही तर सॅमच्या काठावर आली की!"

बाहेर कुणीतरी ओरडलं, "सॅमला लागली, सॅमला!" आणि हलगी कडाडली. महांतप्पा उठले. त्यांनी पुड्याची दोरी सोडायला घेतली. बलभीमनं तोंड फिरवलं. काट्यावरची पोर हलगी ऐकून टाळ्या पिटत होती आणि तिचे हात कोपरापासून मनगटापर्यंत सारखेच बारीक दिसत होते.

दीपमालाबाईंना त्या क्षणी विलक्षण लाज वाटली. एवढं चांगलं मराठी येत असून आपण महिनाभर या पोरीसाठी एक वाक्य बोललो नाही. आणि त्यांना संताप आला, पुण्याच्या बाईंचा, परिपत्रकाचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. त्यांनी जाऊन हलगीवर हात ठेवला.

"अप्पा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या आईच्या घरची भाषा आली, "लेकरू उपाशी हाय."

 महांतप्पांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कोण?"

"शिवांजली. मॅम म्हंजे वाळत चालल्यालं लेकरू, अप्पा. सॅम म्हंजे पार वाळल्यालं. मान न्हाय तो. अजून शंभर-दीडशे ग्रॅम उतरली की दवाखान्यात घालावं लागतंय तिला. तुमी बरणीतलं घालताव त्यानं पोट भरतंय तिचं, अंग भरत न्हाय."

महांतप्पांनी सोडलेली दोरी पुन्हा पुड्याला गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "चिठ्ठीत असं का न्हाय लिवलं, ताई?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

"मला वाईट वाटंल म्हणून," महांतप्पा म्हणाले. त्यांनी काट्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी काट्यातला तोळाभराचा फरक नजरेनं ओळखला होता. "आन् हिचं काय?"

 तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली शिवप्रिया पुढं आली. पदर डोक्यावर, आवाज अगदी बारीक. "मामा, मला ठावं हुतं. तुमी शाल घातली त्याच सांजंला लक्ष्मीमावशींनी सांगितलं. पर तवर तुमचे पेढे वाटून झाले हुते. मला त्वांड उघडवंना."

म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांचा मान राखला होता. दीपमालाबाईंनी महांतप्पांचा, शिवप्रियानं सासऱ्यांचा, मॅडमनी परिपत्रकाचा. लक्ष्मीबाईंनी तेवढा कुणाचाच राखला नव्हता, आणि खरं काय ते त्यांच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. बलभीमच्या आईनं गुपचूप कनवटीचा करगोटा काढला आणि रणधीरच्या कमरेला पुन्हा बांधायला घेतला. तो आता बसेना, पोर महिन्यात आणखी सुटलं होतं.

"खायला काय घालू?" महांतप्पांनी विचारलं. आवाज दुकानातला नव्हता.

"खिचडी, वर तूप. भाकर दुधात कुस्करून. शेंगदाण्याचा लाडू."

"शेंगाची पोळी चालंल का? आमच्यात करत्यात."

"पळंल की, अप्पा. दुकानातलं मातर आधी काय न्हाय. चार घास खाल्ल्याबिगर बरणीला हात लावायचा न्हाय."

महांतप्पांनी पेढ्यांचा पुडा लक्ष्मीबाईंकडे दिला, नातीला काट्यावरून उचललं आणि पोरांच्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसले. पांढरं धोतर खिचडीच्या डागांवर टेकलं. लक्ष्मीबाईंनी ताटली मांडली. आजोबांनी घास पुढं केला, पोरीनं तोंड फिरवलं. दुसरा केला, तिनं ओठ घट्ट मिटले. "बिस्कुट," ती म्हणाली. पारावरची आठ माणसं, मॅडम, बलभीम, सगळे दारात उभे राहून पाहत होते आणि लिंबोरीचे महांतप्पा तीन वर्षांच्या पोरीपुढं हात जोडायच्या बेतात आले होते.

मग त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. दुसरा घेतला, तोही खाल्ला. बाजूच्या पोराला म्हणाले, "लई बेस हाय रं." तिसरा घास उचलला तेव्हा शिवांजलीनं त्यांचं मनगट धरलं आणि तोंड उघडलं. एक घास गेला. दुसरा गेला. दीपमालाबाई ओठ न हलवता मोजत होत्या. तीन. चार. चार झाल्यावर महांतप्पांनी, ठरल्याप्रमाणं, तिच्याकडे पाहिलं, आता बिस्कीट मागेल म्हणून.

"अज्जा," पोर भरल्या तोंडानं म्हणाली, "इन्नू बेकु."

दीपमालाबाईंना कानडी येत नव्हती. "काय म्हणतीया?" त्यांनी घाबरून विचारलं.

 महांतप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले, ताटली उचलून लक्ष्मीबाईंपुढं धरली आणि कसंबसं म्हणाले, "आणखी पायजे म्हणतीया."